जी-एन आडनावाचे शब्द

माझं नाव ज्ञ या अक्षरापासून सुरू होतं. पूर्ण नाव सांगत नाही, या हकिगतीला पहिलं अक्षर पुरे आहे. महाराष्ट्रात जन्मले असते तर माझ्या दाखल्यावर इंग्रजीत डी-एन-वाय असं काहीतरी पडलं असतं. पण आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, इचोड्याजवळ हायवे सोडून आत गेलं की कापसाच्या शेतांमध्ये लागतं. घरात मराठी, सरकारी दफ्तरात तेलुगू, बाजारात हिंदी, अशी आमची वाटणी. माझं नाव नोंदवायला बाबा मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तालुक्याच्या, कार्यालयात गेले, तेव्हा तिथल्या तेलुगू कारकुनानं त्यांनी लिहून नेलेला डी खोडला आणि जी-एन केलं. तेलुगू लोक ज्ञ इंग्रजीत तसाच लिहितात, कारण त्यांच्या तोंडी तो ग-पासूनच सुरू होतो. बाबांनी वाद घातला नाही. सरकारनं लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत पुढे आमच्या शाळेला फार महागात पडली.

बाबा गावातल्या मराठी शाळेचे मास्तर. आमच्या घरात त्यांच्याआधी कोणी सही केलेली नव्हती, आजा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला. बाबा शिकले, मास्तर झाले आणि शिकण्यावर त्यांचा इतका जीव बसला की घरात भाजी नसली तरी चालेल, पुस्तक हवं. नागपूरला दीक्षाभूमीवर गेले की लोक फोटो आणायचे, कॅलेंडरं आणायचे. बाबांनी एका वर्षी जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. त्याची सुरुवातीची पानं फाटून गेली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि उच्चार कुठेच नाही. बाबा त्या शब्दकोशातून इंग्रजी शिकले. त्यांना इंग्रजी ऐकवणारं माणूस आसपास कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांचं सगळं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं होतं.

त्यांची एक पद्धत होती. शब्द सुटे सुटे पाठ करायचे नाहीत, कुटुंबानं पाठ करायचे. पहिली दोन अक्षरं म्हणजे शब्दाचं आडनाव, असं ते सांगत. आडनाव विचारून माणूस जोखू नये, असं चारचौघांत तावातावानं सांगणारा माझा बाप शब्दांना मात्र आडनावावरून ओळखायचा. मी एकदा तसं त्यांना म्हटलंही होतं. ते हसले आणि म्हणाले, शब्दायले कोणी गावाबाहेर ठेवत नाही, त्याहिले चालते.

माझ्या दाखल्यावर जी-एन पडलं आणि बाबांनी शब्दकोशात त्या आडनावाचे शब्द शोधले. फार निघाले नाहीत. जे निघाले ते जुनेपाने, कोणी कधी बोलत नाही असे. बाबांना तेच जास्त आवडत, ते म्हणत की हे जुने खानदानी लोक आहेत. हे सगळे माझे इंग्रजी नातेवाईक, असं त्यांनी मला लहानपणी सांगितलं. ज्ञॅट म्हणजे चिलट. ज्ञॅश म्हणजे दातओठ खाणं. ज्ञॉ म्हणजे कुरतडणं. ज्ञार्ल म्हणजे लाकडातली गाठ. ज्ञोम म्हणजे जमिनीखाली राहून धनाची राखण करणारा बुटका. ज्ञाईस म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा खडक. ज्ञोमोन म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारी काठी. या सगळ्यांच्या सुरुवातीला बाबा आपला मराठी ज्ञ लावत, द आणि न आणि य मिसळून, छान ठसक्यात. कारकुनानं ज्ञसाठी जी-एन लिहिलं, म्हणजे जी-एन दिसलं की ज्ञ वाचायचा. यात त्यांचं काय चुकलं, हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

माझ्या नात्यात चिलटं, कुरतडणं आणि दातओठ खाणं एवढंच आलं, याबद्दल मी त्यांच्याशी भांडले आहे. आज वाटतं, गोतावळा योग्यच मिळाला होता.

मी डी.एड.ला गेले तेव्हा तिथल्या एका मॅडमनी सायलेंट लेटर शिकवले. फळ्यावर जी-एन लिहून त्या म्हणाल्या, यातला जी नुसता लिहायचा, बोलायचा नाही. नॅट, नॅश, नोम. मी वर्गात बसल्या बसल्या शरमले. सुट्टीत घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या नावातला जी मुका हाये काय?"

मी म्हटलं, नाही, पण माझं नाव इंग्रजी नाही.

"लिवलं तं इंग्रजीतच हाये. सरकारनं लिवलं."

पुढे घरात मोबाइल फोन आला तेव्हा मी त्याला चिलटाचा शब्द बोलायला लावला. फोन स्वच्छ म्हणाला, नॅट. बाबा म्हणाले, फोन अमेरिकेचा आहे, ते खातात अर्धं आणि बोलतात अर्धं. त्यांना माझं पटत नव्हतं असं नाही, त्यांना ते सहन होत नव्हतं. अक्षर लिहायचं, रांगेत पहिलं उभं करायचं आणि वर त्याला गप्प बसायला सांगायचं, हा त्यांना अन्याय वाटायचा. आमच्या मराठीत जे लिहिलं ते बोलतं. आमच्या आजाला सभेत बसायला जागा असायची, तोंड उघडायला नसायची. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. शब्दकोशातल्या अक्षरासाठी एवढं मनाला लावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या या हट्टाचा मला तेव्हाही संताप यायचा.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरलीच नाही. मराठी शिक्षकांच्या जागा निघायच्या तेव्हा निघायच्या, बहुतेकदा नाहीच. मी नवऱ्याकडून मुलीला घेऊन परत आले होते. का आले ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर मला बोलायचं नाही. मला त्याच शाळेत विद्या वालंटीर म्हणून घेतलं, म्हणजे काम पूर्ण शिक्षिकेचं आणि नेमणूक दरवर्षी नव्यानं. बाबा रोज माझ्याबरोबर शाळेत येत, कोणी बोलावलं नसताना. माझी मुलगी तिथंच दुसरीत होती.

तोवर इचोड्यातल्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात यायला लागली होती. आधी दुकानदाराची मुलं गेली, मग ज्यांची रानं ओलिताखाली होती त्यांची, मग आमच्या वस्तीतलीसुद्धा. टाय लावलेलं मूल व्हॅनमध्ये चढताना पाहिलं की शेजारणीला रात्री झोप लागत नसे. आमच्या शाळेचा पट आटत चालला. मंडल विद्याधिकारी येऊन सांगून गेले की जूनमध्ये मुलं टिकली तर शाळा टिकेल, नाहीतर जवळच्या तेलुगू शाळेत विलीन करावी लागेल. माणूस वाईट नव्हता. वरून आलेलं खाली सांगत होता.

बाबांनी मनावर घेतलं. लोकांना इंग्रजी हवं आहे ना, मग आपण देऊ, ते म्हणाले. शाळा सुटल्यावर ते मुलांना थांबवून इंग्रजी शिकवू लागले, आणि खरं सांगते, झकास शिकवत. प्रत्येक शब्दाला हावभाव असायचा. मुलं चिलट हाकलायची, दातओठ खायची, उंदरासारखं कुरतडायची. अंगणात काठी रोवून तिच्या सावलीवरून वेळ सांगायची. मुलांना शाळेतून घरी पाठवावं लागे. एप्रिलमध्ये पालकांची सभा ठरली, विद्याधिकारीही येणार होते. तिथं मुलांचं इंग्रजी दाखवायचं, म्हणजे जूनमध्ये कोणी दाखले मागणार नाही, असा बाबांचा बेत होता.

मी त्यांना म्हटलं, दुसरं कोणतंही आडनाव घ्या, हे नको. हात जोडून म्हटलं. ते म्हणाले, लेकरांना हेच सगळ्यात चांगलं येतं. आणि असं आडनाव इंग्रजी शाळेच्या पोरांनी ऐकलेलंही नसेल, पाहशील तू.

सभेला लोक आले, अपेक्षेपेक्षा जास्त आले. वऱ्हांड्यात बायका, अंगणात सावली धरून पुरुष, खुर्चीवर साहेब. मुलं ओळीनं उभी राहिली आणि जोरात सुरू झाली. ज्ञॅट, आणि सगळ्यांनी चिलट हाकललं. ज्ञॅश, आणि दातओठ खाल्ले. बायका तोंडाला पदर लावून कौतुकानं हसत होत्या. बाबा बाजूला उभे राहून ओठांनी मुलांबरोबर म्हणत होते. माझी मुलगी दुसऱ्या ओळीत होती, तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढच्या बाजूला बाबांचाच एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याची धाकटी आमच्याकडे होती, थोरली इचोड्याच्या शाळेत जात होती. त्या दिवशी तो थोरलीला मुद्दाम टाय लावून घेऊन आला होता, एप्रिलच्या उन्हात. ज्ञोम झाल्यावर ती मुलगी खिदळली. बाप म्हणाला, काय झालं, सांग. ती उभी राहिली आणि शाळेत उत्तर देतात तसं म्हणाली, जी सायलेंट असतो.

साहेबांना हसू आवरलं नाही. ते बाबांना समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्टारू, जी सायलेंट अंडी." तेलुगूत आदरानं बोलताना शेवटी अंडी म्हणतात. लहानपणी आम्ही मराठी पोरं त्या अंडीवर पोट धरून हसायचो. त्या दिवशी आमच्यावर हसायची त्यांची पाळी होती, आणि हसणारे बरेचसे आमचेच होते.

बाबा पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, माह्या पोरीचं नाव तुमच्याच दफ्तरानं जी-एननं लिवलं. तिथं जी बोलते, मंग इथं काऊन बोलत नाही?"

साहेब म्हणाले, इंग्रजी तसंच असतं मास्टारू, त्याला का विचारायचं नसतं. मग तो जुना विद्यार्थी म्हणाला, साहेबाले कायले त्रास देता, तुमच्याच पोरीले इचारा, थे तं शिकेल हाये. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाबांचीही वळली. मी शिक्षिका आहे, समोर मुलं उभी होती, त्यांनाही उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "जी बोलत नाही, बाबा."

खरं बोलले याचा मला पस्तावा नाही. राग आहे. ज्या एका खऱ्या गोष्टीनं सगळ्यांचं भलं होणार होतं, ती मी घरात दहादा सांगितली तेव्हा कोणी ऐकली नाही. आणि जेव्हा ती बोलून फक्त नुकसान होणार होतं, तेव्हा गावानं कान टवकारले. माझा राग बाबांवर आहे, त्या टायवर आहे, आणि त्या कारकुनावर आहे ज्यानं एका रेघेत माझं नाव बदललं आणि जेवायला गेला.

सभा उठताना मी त्या टायवाल्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, नॅट म्हणजे काय गं? ती म्हणाली, जी सायलेंट. मी म्हटलं, ते कळलं, पण अर्थ काय? तिनं टायची गाठ चाचपली. मग म्हणाली, मॅडमनी एवढंच सांगितलं. आमच्या मुलांना चिलट माहीत होतं, पण हे मी कोणाला सांगणार होते? पुढे कधीतरी मी असंही वाचलं की ज्ञोमोनसारखा एखादा शब्द मुळात आपल्या ज्ञच्याच कुळातला आहे, पार जुन्या काळापासून. वाचलं आणि पुस्तक मिटलं. त्यानं आमच्या पटावर एक मूलही वाढणार नव्हतं.

जूनमध्ये लोक दाखले न्यायला आले. शाळेत नाही, घरी आले, कारण त्यांना बाबांना सांगून जायचं होतं. याचंच मला जास्त वाईट वाटलं. भांडून गेले असते तर चाललं असतं. एकेक जण ओट्यावर टेकायचा, चहा घ्यायचा, यंदा पाऊस कसा आहे ते बोलायचा आणि मग म्हणायचा, मास्तर, राग नका मानू, पण पोराचं पाहावं लागते. बाबा म्हणायचे, नाही नाही, राग कायचा. मी आत दाखले लिहायची. यातल्या अर्ध्या लोकांना बाबांनीच अक्षर शिकवलं होतं. सभेत मला उत्तर द्यायला लावणारा तो विद्यार्थीही आला, धाकटीचा दाखला घ्यायला. त्यानं बाबांच्या पाया पडून दाखला घेतला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी चहाची कपबशी उचलून आत गेले, नाहीतर तोंडून काहीतरी गेलं असतं.

पावसाळा लागला तेव्हा पटावर माझी मुलगी एकटी उरली. एवढ्या मोठ्या वर्गात ती मधल्या ओळीत बसायची, कारण तिची जागा तिथं होती. मी शिकवायची, बाबा दारात बसायचे. साहेब येऊन गेले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एक मूल जरी पटावर असेल तरी मी विलीनीकरणाचे कागद थोडे दिवस दाबून ठेवू शकतो, नवीन मुलं मिळतात का बघा. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. शाळा म्हणजे आता माझी मुलगी होती. ती आहे तोवर शाळा आहे, माझी नेमणूक आहे आणि बाबांना सकाळी कपडे करून जायला जागा आहे. मुलीला बोलायला कोणी नव्हतं, खेळायला कोणी नव्हतं. ती खडूशी खेळायची. एकदा मी पाहिलं, ती रिकाम्या जागांकडे बघून हजेरी घेत होती आणि प्रत्येकाच्या वतीनं हजर म्हणत होती.

बाबांनीही पाहिलं असावं, कारण त्याच संध्याकाळी जेवताना ते बोलले. सभेनंतर त्यांनी इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता. कोणी औषधाची चिठ्ठी वाचायला आणली तर ते सांगत, मले इंग्रजी येत नाही, पोरीले दाखवा. त्या संध्याकाळी त्यांनी ताट सारलं आणि म्हणाले, "हिलेही टाक तिकडे."

मी म्हटलं, मग शाळा बंद होईल.

"होऊ दे. उद्या कोणावर हसणं झालं, तं हे लेकरू हसणाऱ्यात पायजे."

चुलीपाशी बसलेल्या आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मी त्यांना समजावणार होते, वाद घालणार होते, कोणत्या मुलांना परत आणता येईल त्याचा विचारही माझ्या डोक्यात चालू होता. पण ते वाक्य ऐकल्यावर मी तिचा दाखला लिहायला घेतला. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना सांगितलं की कोणाला हसू नका, तो हे बोलला होता. पुढच्या सोमवारी मी मुलीला व्हॅनमध्ये बसवलं. शाळेची किल्ली साहेबांच्या ऑफिसात नेऊन दिली, त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली. तिथं आधीच बऱ्याच किल्ल्या होत्या.

मुलगी आठवडाभर रडली, मग रुळली. मुलं रुळतात. पोळ्याच्या सुमाराला एका दुपारी ती ओट्यावर अभ्यास करत होती आणि बाबा शेजारी कापसाच्या वाती वळत होते. ती त्यांना म्हणाली, आबा, आमची परीक्षा बुधवारी आहे. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून इंग्रजी निघालं, सवयीनं, त्यांच्याही नकळत. ते म्हणाले, म्हंजे वेडनेसडेले.

मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली. "वेडनेसडे नाही आबा, वेन्सडे. डी सायलेंट," ती म्हणाली आणि हसली. साधंच हसली, पोर म्हणून. मग त्यातलं वेड तिच्या ध्यानात आलं आणि ती पोट धरून हसत सुटली.

मी दारात उभी होते. तिला ओरडणार तेवढ्यात बाबांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी तिला पोटभर हसू दिलं. मग आत बघून आईला म्हणाले, "ऐकलं काय? शिकली पोरगी."